डोक्यात जाऊ नका : इलॉन मस्क यांस येरवड्याहून खुले पत्र

येरवडा, पुणे ६

प्रति,
श्री. इलॉन मस्क,
सहसंस्थापक, न्यूरालिंक



हे पत्र मराठीत लिहिते आहे आणि मुद्दाम लिहिते आहे. मे २०२० मध्ये जो रोगन यांच्या कार्यक्रमात तुम्ही म्हणालात, की तुमचं यंत्र डोक्यात बसलं की पाच-दहा वर्षांत माणसांना बोलायची गरजच उरणार नाही, विचार या डोक्यातून थेट त्या डोक्यात जातील. त्यातली पाच वर्षं केव्हाच सरली. आमच्या मंडईत अजून कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस चालते, सिटी बसमध्ये अजून सुट्ट्या पैशांवरून वाद होतात, आणि तुमच्याशी भांडायला मला शब्द लागतातच. ते माझ्या भाषेत आहेत. तुम्हाला हे वाचायचं असेल तर कुणाला तरी विचारावं लागेल, 'यात काय लिहिलंय?' विचारा. दुसऱ्याला विचारण्याची सवय तुम्हाला लागावी, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आधी माझा पत्ता नीट समजून घ्या. महाराष्ट्रात कुणाचं वागणं बिनसलं की लोक म्हणतात, "याला आता येरवड्याला न्यावं लागणार." कारण इथलं मनोरुग्णालय. कुणी गुन्हा केला की म्हणतात, "जाईल येरवड्याला खडी फोडायला." कारण इथलं मध्यवर्ती कारागृह, १८७१ सालचं. या दोन भिंतींच्या कडेने आम्ही शाळेत गेलो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तिसरी भिंत आली, ती काचेची. तिच्याआड आयटी कंपन्या बसतात. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं-पोरी सकाळी तिथे आत जातात आणि कार्ड टेकवल्याशिवाय त्यांना चहालाही बाहेर पडता येत नाही.

म्हणजे आमच्या एका उपनगरात तीन प्रकारची माणसं राहतात. ज्याच्या शरीराचा ताबा सरकारकडे आहे, तो. ज्याच्या मनाबद्दल बाकीचे निर्णय घेतात, तो. आणि ज्याने पगारापोटी दिवसाचे तास लिहून दिले आहेत, तो. 'संमती' हा शब्द तुमच्या कंपनीच्या कागदावर शेवटच्या पानावर येत असेल. आमच्याकडे तो तीन भिंतींवर डोकं आपटत फिरतो. म्हणून या विषयावर बोलायचा हक्क येरवड्याला आहे.

तुमचं श्रेय आधी देते. जानेवारी २०२४ मध्ये तुमच्या कंपनीने पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत यंत्र बसवलं. खांद्याखाली संवेदना गमावलेला तो तरुण केवळ मनात आणून पडद्यावरचा बाण हलवू लागला, बुद्धिबळ खेळू लागला. त्याचा आनंद खरा होता आणि तो बघून मलाही आनंद झाला. हे काम करणाऱ्या इंजिनियरांचं, डॉक्टरांचं मी मनापासून कौतुक करते. पुण्यातला माणूस ते करणारच. वानवडीचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, म्हणजे दुसरं महायुद्ध चालू असल्यापासून, पाय गमावलेल्या जवानांना उभं करतं आहे. खडकीला मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. मुरलीकांत पेटकर आमचेच. १९६५च्या युद्धात त्यांनी गोळ्या झेलल्या आणि एक गोळी पाठीच्या कण्यात कायमची राहून गेली. ते पोहायला शिकले आणि १९७२ साली जर्मनीत हायडलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकून आले. भारताचं त्या स्पर्धांमधलं ते पहिलं सुवर्ण. गेलेलं परत मिळवण्यासाठी विज्ञानाने जे जे करावं त्याच्या बाजूने हे शहर ऐंशी वर्षं उभं आहे.

पण कृत्रिम पायाची एक गोष्ट लक्षात घ्या. रात्री तो काढून खाटेच्या कडेला टेकवून ठेवता येतो. तो ज्याचा आहे, त्याच्या हातात आहे. आणि तो बसवताना विचारतात ते एवढंच : 'बाबा, तुला काय परत हवंय?'

माझा तुमच्यावर आरोप एकच आहे. रुग्णाच्या खाटेआडून तुम्ही धडधाकट माणसावर नेम धरला आहे.

हा आरोप मी तुमच्याच बोलण्यावरून करते. जुलै २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कंपनीची ओळख करून देताना तुम्ही अंतिम हेतू सांगितलात : माणसाला कृत्रिम बुद्धिमत्तेशी जोडून टाकणं. त्याआधी २०१६ साली म्हणाला होतात, की यंत्रं इतकी हुशार होतील की त्यांच्यापुढे माणूस घरातल्या मांजरासारखा होईल, म्हणून डोक्यात जाळी बसवून घ्यावी. ऑगस्ट २०२० मध्ये डुकरिणीच्या डोक्यातलं यंत्र दाखवताना त्याला कवटीतल्या फिटबिट घड्याळाची उपमा दिलीत. अंधांसाठीच्या यंत्राबद्दल सांगताना लगेच पुढे गेलात : पुढेमागे ही दृष्टी निसर्गाने दिलेल्या दृष्टीपेक्षा सरस होईल, अवरक्त किरणही दिसतील. आंधळ्याला दिसू लागण्याची बातमीसुद्धा तुम्हाला पुरेशी मोठी वाटली नाही. डोळस माणूस कमी आहे, हे त्याच दमात सांगावंसं वाटलं.

इथे माझा तुमच्याशी वाद सुरू होतो. ज्याचं काही गेलं आहे त्याला ते परत देणं हा उपचार. ज्याचं काहीच गेलेलं नाही, त्याला आधी 'तू अपुरा आहेस' असं पटवणं आणि मग त्या अपुरेपणावर औषध विकणं, हा धंदा. आमच्याकडच्या जत्रेत शिलाजित विकणाराही हेच करायचा. त्याची पुडी निदान पोटात जाऊन संपायची. तुमची वस्तू कवटीला भोक पाडून आत राहणार आहे.

तुम्ही म्हणाल, सक्ती कुठे आहे? ज्याला हवं तो सही करेल. सहीचं येरवड्याला सांगू नका. या गावाने दोन अशा सह्या पाहिल्या आहेत, की त्यांच्यावर एक आख्खं नीतिशास्त्र उभं करता येईल.

पहिली सही १२ जानेवारी १९२४ची. येरवड्याच्या तुरुंगातले कैदी मोहनदास करमचंद गांधी यांच्या पोटात आंत्रपुच्छाचं दुखणं उठलं आणि त्यांना ससून रुग्णालयात हलवलं. कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. कैदी सरकारचा, डॉक्टर सरकारचा, सगळा कारभार सरकारचा. तरीही हात लावण्याआधी संमती घेतली गेली. श्रीनिवास शास्त्री यांना बोलावणं गेलं, त्यांच्या मदतीने निवेदन तयार झालं, त्यात गांधींनी आपला डॉक्टरांवर विश्वास असल्याचं म्हटलं आणि सही केली. त्या रात्री शस्त्रक्रियेच्या मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं. ब्रिटिश सरकार एका रात्रीत दयाळू झालं नव्हतं. गांधींना काही झालं तर देश पेटेल, ही भीती होती. पण त्या भीतीनेही एक चांगलं काम केलं : बंदिवान माणसाच्या शरीरालाही विचारल्याशिवाय सुरी लावता येत नाही, हे तिने सरकारकडून वदवून घेतलं.

दुसरी सही २४ सप्टेंबर १९३२ची, त्याच तुरुंगातली, पुणे करारावरची. दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात गांधींचं उपोषण चार दिवस चाललं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कैदी नव्हते. ते बाहेरून आत आले, सही केली आणि बाहेर गेले. पण एका माणसाच्या जिवाचं ओझं त्यांच्या लेखणीवर टाकलेलं होतं आणि त्या जिवाचं काही बरंवाईट झालं असतं तर देशाचा राग कुणावर निघाला असता, हे उघड होतं. पुढे बाबासाहेबांनी या कराराबद्दल किती कठोर लिहिलं ते सर्वांना माहीत आहे.

या दोन सह्या शेजारी ठेवा. एक कैद्याची, पण मोकळी. दुसरी मोकळ्या माणसाची, पण चहूबाजूंनी कोंडलेली. सही आहे म्हणजे संमती आहे असं जो म्हणतो, त्याने आमच्या तुरुंगाचा इतिहास वाचलेला नाही.

आणि हा काही जुना इतिहास नाही. येरवड्यापासून काही तासांच्या अंतरावर बीड जिल्हा आहे. तिथून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादम नवरा-बायकोची जोडी ठरवतो. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात, म्हणजे माणसाचं नाव हत्याराच्या नावात विरघळलेलं. हंगामाआधी 'उचल' दिली जाते आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. एक दिवस काम चुकलं तर 'खाडा' धरतात आणि त्याचे पैसे उचलीतून वळते होतात. बाईची पाळी आली, अंगावरून जाऊ लागलं, पोट दुखलं, की खाडा. फडावर संडास नाही, पाणी नाही, आराम नाही. मग कुणीतरी सांगतं, 'पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.' डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. बाई उचल वाढवून घेते आणि विशी-तिशीतच गर्भाशय काढून घेते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. या बायकांनीही कागदावर सही केली होती, नाहीतर अंगठा उठवला होता. कुणी त्यांना धरून टेबलावर झोपवलं नव्हतं.

मस्कसाहेब, धडधाकट शरीर कामाला जास्त सोयीचं करून घेणं म्हणजे काय, याचा महाराष्ट्रातला खरा प्रयोग हा आहे. तुमच्या भाषेत 'क्षमता वाढवणं'. फरक एवढाच, की तुम्ही आत काहीतरी घालणार आणि त्यांनी आतलं काढून घेतलं. हिशेब तोच : शरीर कामाच्या मापाचं नाही, म्हणून शरीर कापा. कामाच्या वेळा बदला, फडावर संडास बांधा, पाळीच्या दिवसांची पगारी सुट्टी द्या, हे कुणाला सुचलं नाही. शरीर कापणं स्वस्त पडत होतं.

मग तुमची चिप आमच्या काचेच्या भिंतीआड आली की काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. पहिल्या वर्षी एकजण हौसेने बसवून घेईल. दुसऱ्या वर्षी त्याचं काम लवकर उरकतं म्हणून त्याला बढती मिळेल. तिसऱ्या वर्षी बाकीचे कर्ज काढतील. चौथ्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारणारही नाही, कारण चिप नसलेल्याला मुलाखतीला बोलावणंच येणार नाही. या चार वर्षांत सक्तीचा एकही आदेश निघालेला नसेल. प्रत्येकाने राजीखुशीने सही केलेली असेल. शेजाऱ्याच्या हौसेतून आपली मजबुरी कशी तयार होते, हे एमपीएससी आणि नीटच्या क्लासना पोरं घालणाऱ्या प्रत्येक आईबापाला कळतं. शाळा पुरेशी वाटेनाशी झाली की क्लास लागतो, क्लास पुरेना की दुसरा क्लास. त्या रांगेत उद्या कवटीचा नंबर लावायचा का?

सुरुवात झालेलीच आहे, फक्त कातडीच्या बाहेर. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कोण कुठल्या गल्लीत किती वेळ होता, हे दूर बसलेल्या माणसाला पडद्यावर दिसू लागलं. यंत्राच्या चुकीने पगार कापला जातो, खासगी क्षणही आपले राहत नाहीत, अशा तक्रारी कामगारांनी केल्या.  तिकडे तुमच्या अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या थ्री स्क्वेअर मार्केट कंपनीच्या पन्नासएक कर्मचाऱ्यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचून घेतली, दार उघडायला आणि यंत्रातून खाऊ विकत घ्यायला. मनगट ते कातडी हे अंतर आमच्या बघता बघता पार झालं. कातडी ते मेंदू एवढंच उरलं आहे आणि तिथे तुम्ही सुई घेऊन उभे आहात.

मेंदूतलं वाचता येतं असा दावा केला की पुढे काय होतं, तेही पुण्याने पाहिलं आहे. २००८ साली इथल्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात, डोक्याला इलेक्ट्रोड लावून केलेल्या चाचणीचा आधार घेत शिक्षा सुनावली. यंत्र म्हणतं, की या मेंदूला त्या घटनेची 'अनुभवलेली' आठवण आहे. जगभरच्या वैज्ञानिकांनी त्यावर हरकत घेतली. अखेर मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात ठणकावून सांगितलं, की माणसाच्या मर्जीविरुद्ध अशी चाचणी करता येणार नाही, मनातलं मनात ठेवण्याचा त्याला हक्क आहे. ती टोपी निदान काढून ठेवता येत होती. तुमचं यंत्र तर चोवीस तास आत बसून बाहेर संदेश पाठवणार. तो संदेश कुणाच्या मालकीचा? बोलणाऱ्याचा, कंपनीचा, विमावाल्याचा, की नोटीस घेऊन येणाऱ्या पोलिसाचा?

आणि आता माझा सगळ्यात साधा प्रश्न. बिघडलं तर?

तुमच्याच पहिल्या रुग्णाच्या मेंदूत बसवलेल्या चौसष्ट तंतूंपैकी बरेचसे काही आठवड्यांत मागे सरकले. कंपनीने ते मे २०२४ मध्ये सांगितलं आणि सॉफ्टवेअर बदलून काम निभावून नेलं. त्या तरुणाने धोका पत्करला होता, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. धडधाकट माणसाने तो का पत्करावा? 'सेकंड साइट' नावाच्या अमेरिकी कंपनीने साडेतीनशेहून जास्त अंधांच्या डोळ्यांत कृत्रिम पडदे बसवले. २०१९ मध्ये तिने ते बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षी कंपनी डबघाईला आली आणि लोकांच्या डोळ्यांत अशी यंत्रं उरली की ज्यांचा दुरुस्ती करणारा कुणी नाही. कंपनी मरते, माणूस जगतो, यंत्र आत राहतं.

आमचाच अनुभव सांगते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचे 'एएसआर' नावाचे खुब्याचे सांधे सदोष निघाले आणि ऑगस्ट २०१० मध्ये ते जगभरातून परत मागवले गेले. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तक्रार करून पोलिसांपर्यंत प्रकरण नेलं. पण केंद्राने चौकशीला समिती नेमली ती २०१७ मध्ये आणि किमान वीस लाखांच्या भरपाईची शिफारस लोकांना कळली २०१८ मध्ये. तोवर हजारो रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. ज्यांच्या हाडात धातू झिजत होता, ती माणसं कुठे आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. आजाऱ्याच्या शरीरातल्या यंत्राची ही गत असेल, तर हौसेने बसवलेल्या यंत्रासाठी कोण रडेल? 'तुम्हीच मागितलं होतं' एवढं एक वाक्य फेकलं की विषय संपेल.

आता तुमच्या बाजूचे लोक काय म्हणतात तेही ऐकून घेते. चष्मा नाही का लावत? लावते, आणि झोपताना काढते. लस नाही का टोचून घेत? घेते. या शहरात हडपसरला डोसच्या संख्येने जगातली सर्वात मोठी लस कंपनी आहे, लशीचं मोल आम्हाला शिकवू नका. लस मला वाचवते आणि माझ्यामुळे शेजारणीलाही वाचवते. मी घेतली म्हणून ती मागे पडत नाही. लशीला बॅटरी नाही, महिन्याचं भाडं नाही आणि ती माझ्याबद्दल कुणाला काही कळवत नाही. जी वस्तू मला शेजारणीच्या पुढे काढण्यासाठीच विकली जाते, तिची लशीशी तुलना करू नये.

दुसरा युक्तिवाद : आधी श्रीमंत घेतील, मग स्वस्त होईल, मोबाइलसारखं सगळ्यांना मिळेल. याचं उत्तर आमच्या येरवड्याच्याच डेक्कन कॉलेजने जमिनीतून काढून ठेवलं आहे. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव ते. तिथे प्रौढ माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडून पुरत. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून तसं करत असावेत, असं अभ्यासक म्हणतात. पण अंगणात, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष सापडला. त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा. शरीरावर काय करायचं आणि काय नाही, हे जेव्हा जेव्हा समाजाने ठरवलं, तेव्हा प्रमुखाचे पाय शाबूत राहिले. मोबाइल मिळायला उशीर झाला तर माणूस थांबू शकतो. एकाचं डोकं 'नवं मॉडेल' आणि दुसऱ्याचं 'जुनं मॉडेल', अशी फाळणी एकदा झाली की ती एका पिढीत भरून निघत नाही. जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याची शिक्षा या मातीने फार भोगली आहे. नवी उतरंड तुम्ही सिलिकॉनमध्ये घालून पाठवू नका.

शेवटी मनोरुग्णालयाबद्दल, आणि ज्यांच्या मनाबद्दल बाकीचे निर्णय घेतात त्या सगळ्यांबद्दल. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया ससूनमध्ये झाल्या. स्वच्छता राखणं सोपं जावं म्हणून. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्या थांबल्या. त्या लाजेतून आणि तशा अनेक लढ्यांतून आपण काही शिकलो. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो, की मनोरुग्णाच्या मेंदूवर उपचार म्हणून शस्त्रक्रिया करायची तर त्याची स्वतःची जाणती संमती हवी आणि शिवाय मंडळाची मंजुरी हवी. दोन कुलपं. एक त्याच्या हातात, एक समाजाच्या हातात. ज्याला तुम्ही-आम्ही वेडा म्हणून येरवड्याला पाठवतो, त्याच्या मेंदूचं दार दोन कुलपांनी बंद आहे. भिंतीबाहेरच्या शहाण्याच्या मेंदूवर मात्र साधी कडीही नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा. त्या तुमच्याकडे आहेत आणि माझ्या सरकारकडेही. धडधाकट माणसाच्या शरीरातलं कुठलंही यंत्र नोकरी, परीक्षा, प्रवेश किंवा विम्याची अट होता कामा नये, आणि ते आहे की नाही हे मालकाने विचारणंही गुन्हा असावा. चिप सक्तीने टोचण्यावर तुमच्या विस्कॉन्सिनने २००६ सालीच बंदी घातली. आपण त्याच्या दोन पावलं पुढे जाऊ. जो बसवेल त्याने ते सुखरूप काढण्याचा खर्च आधीच सरकारकडे ठेव म्हणून भरावा, म्हणजे कंपनी बुडाली तरी माणूस बुडणार नाही. प्रत्येक यंत्राची आणि ते कुठे बसवलं त्याची नोंद सरकारी पुस्तकात असावी, खुब्याच्या रुग्णांसारखी माणसं हरवू नयेत. मेंदूतून निघालेली एकूण एक नोंद त्या माणसाचीच असावी. आणि अठरा वर्षांखालच्या धडधाकट पोरांच्या डोक्याला कुणी हात लावू नये, आईबापांनी सही केली तरीही.

खांद्याखाली लुळा पडलेला तो तरुण, मणक्यात गोळी असलेला सैनिक, डोळे गेलेली आजी, यांच्यासाठी तुम्ही जे कराल त्याला माझा नमस्कार. त्यांच्याकडे जा, त्यांना विचारा, काय परत हवंय. उत्तर येईपर्यंत थांबा. तिथे एवढं काम आहे की तुमच्या सात पिढ्यांना पुरेल.

पण सकाळी उठून दोन हातांनी भाकरी थापणारी, पोराला शाळेत सोडून काचेच्या भिंतीआड आठ तास राबणारी बाई अपुरी नाही. तिला जास्त वेगाचा मेंदू नको आहे. तिला वेळेवर बस हवी आहे, पाळणाघर हवं आहे, संध्याकाळी मोकळा एक तास हवा आहे. तिला विचारलं असतंत तर तिनेच सांगितलं असतं, आणि त्यासाठी कवटीला भोक पाडावं लागलं नसतं. तोंडाने बोलली असती.

मराठीत एक म्हणीसारखा प्रयोग आहे : एखादा माणूस असह्य झाला की आम्ही म्हणतो, 'हा डोक्यात जातो.' न विचारता येणाऱ्यालाही आम्ही असं म्हणतो. म्हणून सांगते, डोक्यात जाऊ नका. दाराशी या, कडी वाजवा, आणि आतून 'नको' आलं तर परत फिरा.

कळावे,

येरवड्याची एक रहिवासी